अडवलेले पाणी, सोडलेले पाणी : धाराशिव जिल्ह्याच्या सिंचनाचा आढावा

नळदुर्गचा किल्ला आणि समोरचा रणमंडळ यांच्यामधून बोरी नदी वाहते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या राजवटीत, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, या दोन किल्ल्यांना जोडणारी दगडी भिंत नदीत उभी राहिली. भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. नदी भरून आली की भिंतीवरच्या दोन वाटांनी पाणी खाली कोसळते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आतल्या सज्जात उभे राहिले की डोळ्यांपुढे पाण्याचा पडदा असतो आणि पायाखालची फरशी कोरडी असते. हे नवल पाहायला श्रावणात झुंबड उडते. मला तिथे गेल्यावर दरवेळी त्या बांधणाऱ्याच्या हिशेबाचे नवल वाटते. पाणी किती अडवायचे याचा विचार त्याने केलाच, पण जादा झालेले पाणी कुठून, किती रुंदीच्या वाटेने आणि कशावर पडू द्यायचे, याचा विचारही तितक्याच बारकाईने केला. म्हणून चारशे पावसाळे झेलून ती भिंत जागेवर आहे.

याच बोरीवर वरच्या अंगाला आता कुरनूर मध्यम प्रकल्पाचे धरण आहे. ते भरून सांडव्यावरून वाहू लागले की खाली नर-मादीला जोर येतो. एकाच नदीवरची ही दोन बांधकामे पाहिली की जिल्ह्यातल्या पाण्याच्या सगळ्या चर्चेचा धागा हाती लागतो. अडवणे, सोडणे, मोजणे आणि वाटणे अशी सिंचनाची चार कामे आहेत. धाराशिवमध्ये गेल्या साठ-सत्तर वर्षांत पहिल्या कामावर बराच पैसा आणि बरेच शब्द खर्च झाले. उरलेल्या तिन्हींची आज काय अवस्था आहे आणि त्याविषयी कोण काय म्हणते, हे नीट मांडावे म्हणून हा आढावा.

दोन खोऱ्यांच्या पाणलोटावरचा जिल्हा

जिल्ह्याचे क्षेत्र ७,५६९ चौरस किलोमीटर, तालुके आठ. बालाघाटच्या रांगा जिल्ह्याच्या अंगावरून जातात आणि पाण्याची वाटणी करतात. भूम, परंडा, तुळजापूर, उमरगा या बाजूचे बहुतेक पाणी सीना, बोरी, बेन्नीतुरा अशा नद्यांतून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळते. कळंब, वाशी, धाराशिव, लोहारा या बाजूचे मांजरा आणि तेरणेतून गोदावरीकडे जाते. जिल्हा असा माथ्यावर बसलेला असल्यामुळे इथे नद्या उगम पावतात किंवा बालवयात असतात, भरून वाहत बाहेरून येणारी मोठी नदी नाही. शिवाय कृष्णेच्या पाण्याचा १९७६ चा लवादनिवाडा आणि गोदावरीचा १९८० चा निवाडा, दोन्ही एकाच जिल्ह्याला लागू आहेत.

पावसाळ्याची सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आगेमागे. मात्र सरासरीवर इथल्या शेतकऱ्याचा भरवसा नाही, कारण जून-जुलै कोरडे जाऊन सप्टेंबरात एकदम झोड उठते. जमिनीखाली काळा कातळ. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात मावेल तेवढेच भूजल. वरची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. इथली बांधकामे वाचताना ही माती, हा कातळ आणि हा सप्टेंबर कायम लक्षात ठेवावा लागतो.

बांधकामांची बाराखडी

धरणाची उंची ठरण्याआधी एक आकडा ठरतो : नदीला किती पाणी, किती वर्षांत, नक्की येईल? याला विश्वासार्हता म्हणतात. सिंचनप्रकल्प साधारणपणे ७५ टक्के विश्वासार्हतेवर, म्हणजे शंभरपैकी ७५ वर्षे मिळेल अशा पाण्यावर, आखतात. अवर्षणप्रवण भागात महाराष्ट्राने ५० टक्के हे माप धरले. कमी पावसाच्या तालुक्यांनाही धरणे मिळावीत हा त्यामागचा हेतू. अर्थ मात्र असा की, या मापाचे धरण कागदावरसुद्धा दोन वर्षांतून एकदाच पूर्ण भरण्याचे धरलेले असते. ‘आमचा तलाव भरतच नाही’ ही तक्रार गावोगाव ऐकू येते. तिच्यात बांधकामाचा दोष किती आणि मुळात धरलेल्या गृहीताचा वाटा किती, हे वेगळे करून सांगणारे फार थोडे भेटतात.

इथले नेहमीचे धरण मातीचे. मधे काळ्या मातीचा गाभा, त्याला दोन्हीकडून मुरुमाचे कवच, पाण्याच्या बाजूला दगडांचे पिचिंग. गाभा पाणी थोपवतो, कवच भार पेलते. भरावातून थोडे पाणी झिरपणारच. ते पायथ्याशी दगडी चरात सुखरूप बाहेर काढले की धरण टिकते, भरावाच्या मधूनच फुटले की माती घेऊन जाते. मातीच्या धरणावरून पाणी वाहून चालत नाही, म्हणून सांडवा हा त्याचा प्राण. सांडव्याच्या माथ्यावरून पाण्याची उंची दुप्पट झाली की विसर्ग दुप्पट होत नाही, जवळजवळ तिप्पट होतो. पूर हाताळायला हा निसर्गनियम मोठी मदत करतो. पण सांडव्याच्या तोंडाशी कुणी शेततळे काढले, बांध घातला किंवा झाडोरा वाढू दिला, तर तीच सोय हातची जाते.

कालव्याचे गणित निराळे. कालव्यातून चारीला पाणी देणारी मोरी किंवा नळी पाण्याखाली असते. तिच्यातून येणारे पाणी कालव्यातल्या पातळीवर अवलंबून. पातळी फुटभर उतरली की वरच्या चाऱ्यांना थोडे कमी मिळते, शेवटच्या चारीला काहीच मिळत नाही. हे होऊ नये म्हणून कालव्यावर ठरावीक अंतराने आडवी दारे बसवतात. ती अर्धवट पाडली की मागची पातळी उंचावते आणि तिथल्या मोऱ्यांना ठरलेले पाणी मिळते. वितरिकेच्या तोंडाशी आणखी एक दार, त्याच्या पुढे पाणी मोजायचा दगडी किंवा काँक्रीटचा गळा, कालव्याच्या उताराला पायऱ्या, ओढा आडवा आला तर जलसेतू किंवा खालून मोरी, आणि जादा पाण्यासाठी नाल्यात सोडणारे दार. कालवा म्हणजे हा सगळा संसार. यातले एक दार गंजले की खालच्या पाच गावांचा पाट कोरडा पडतो.

काळ्या मातीतून कालवा नेणे ही या भागाची खास डोकेदुखी. माती फुगली की काँक्रीटचे अस्तर उचलले जाते आणि फुटते. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरुमाचा जाड थर द्यावा, म्हणजे खालची माती दबून राहते, असे संशोधनातून दाखवले. पद्धत देशभर मान्य झाली. आपल्याकडच्या जुन्या लहान कालव्यांना मात्र तिचा हात क्वचितच लागला.

आता थोडे आकडे, कारण त्यांच्याशिवाय पुढची चर्चा हवेत राहते. एक दशलक्ष घनमीटर, म्हणजे एक दलघमी, पाणी शेतात १० सेंटिमीटर उंचीने पसरले तर १,००० हेक्टर भिजते. रब्बी ज्वारीला अशा तीन पाळ्या धरल्या तर एक दलघमीत तीनशे तेहतीस हेक्टर. पाटाने भिजणाऱ्या उसाला वर्षभरात दोन ते अडीच मीटर पाणी लागते, म्हणजे तेवढ्याच पाण्यात ४० ते ५० हेक्टर. हा हिशेब शेताच्या बांधावर पोहोचलेल्या पाण्याचा. धरणातून सुटलेले पाणी वाटेत झिरपते, उडते, फुटते, आणि अनेक मातीच्या कालव्यांवर निम्मेसुद्धा बांधापर्यंत येत नाही.

निजामसागरपासून पाझर तलावांपर्यंत

निजामी राजवटीतले सर्वांत मोठे सिंचनकाम मांजरेवर झाले, पण ते इथे नाही. नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली १९२३ ते १९३१ या काळात बांधलेले निजामसागर धरण खाली तेलंगणात आहे. मांजरेच्या वरच्या काठाला पाणी सोडून बघण्याचे काम उरले. ही राजवट १७ सप्टेंबर १९४८ ला संपल्यानंतर आणि विशेषतः १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर इथे प्रकल्पांची आखणी सुरू झाली. १९६२ च्या बर्वे आयोगाने राज्याच्या सिंचनाचा पहिला समग्र हिशेब मांडला. हळूहळू तेरजवळ तेरणा, चांदणी, खासापूर, बेन्नीतुरा, तुरोरी, बाणगंगा, रामगंगा असे मध्यम प्रकल्प आले. लोहारा तालुक्यात माकणीला निम्न तेरणा आणि परंडा तालुक्यात सीना-कोळेगाव ही मोठी धरणे झाली. आज जिल्ह्यातल्या लहान-मोठ्या प्रकल्पांची संख्या सव्वादोनशेच्या घरात आहे. अशा आकड्याचा जिल्हा ‘धरणे नाहीत’ असे म्हणू शकत नाही.

या संख्येला १९७२ च्या दुष्काळाने मोठा हात दिला. लाखो माणसांना काम हवे होते आणि मातीकामाइतके भरपूर काम दुसरे नव्हते. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते यांवर मराठवाडा जगला. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये विधिमंडळाने केला, त्याची मुळे याच दुष्काळात आहेत. त्या कामांनी माणसे वाचवली, हे आधी म्हटले पाहिजे. जागेची निवड पुष्कळदा मजुरांच्या सोयीने झाली, खाली कातळ कसा आहे याची चाचणी झाली नाही, आणि सांडवे घाईत बांधले गेले, हेही नोंदवायला हवे. १९७२ मध्येच स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण यंत्रणा पुढे या कामांना शास्त्राची जोड देऊ लागली.

१९८४ च्या दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला आणि तेव्हापासून सिंचनाची भाषा अनुशेषाची झाली. १९९८ मध्ये गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ आले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९९९ मध्ये हेक्टरी उपलब्ध पाण्यावरून उपखोऱ्यांची प्रतवारी केली. हेक्टरी १,५०० घनमीटरपेक्षा कमी पाणी असेल तर अतितुटीचे, ३,००० पर्यंत तुटीचे. या प्रतवारीने चर्चेला नवे माप मिळाले. प्रश्न ‘किती धरणे’ इथून ‘मुळात पाणी किती’ इथे आला, आणि तिथून मते फुटली.

बाहेरून पाणी आणा

पहिले मत सरळ आहे. तुटीच्या खोऱ्यात कितीही बांध घातले तरी पाणी वाढत नाही, तेव्हा ते बाहेरून आणले पाहिजे. कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्प ही या मताची मूर्ती. उजनीच्या जलाशयातून उचललेले पाणी एका बाजूने सीना-कोळेगावमार्गे परंडा, भूम, वाशी, कळंब, धाराशिव या तालुक्यांना आणि दुसऱ्या बाजूने तुळजापूरच्या रामदरा तलावातून तुळजापूर, उमरगा, लोहारा या तालुक्यांना द्यायचे, अशी आखणी आहे. मूळ मागणी २३.६६ टीएमसीची, पहिल्या टप्प्यात हाती लागणारे ७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी, तेव्हा ७ टीएमसी म्हणजे जवळजवळ १९८ दलघमी. पाच माणसांचे घर दोन घागरींवर दिवस काढते अशा गावांतून हा आकडा ऐकला की त्यामागची आस समजते. धाराशिव शहर तर उजनीचे पाणी आधीपासून पिते.

या मताचे समर्थक म्हणतात की, मराठवाड्याचा हा भाग कृष्णा खोऱ्यात असून त्याला कृष्णेचे पाणी मिळाले नाही, ते हक्काने मिळावे. त्यात तथ्य आहे : भूम, परंडा, तुळजापूर खरोखरच कृष्णा खोऱ्यात आहेत. शंका घेणारे तीन गोष्टी पुढे करतात. एक, लवादाने बांधलेल्या मर्यादेत हे पाणी बसवायचे तर ते दुसरीकडून, म्हणजे कृष्णेच्या वरच्या अंगाकडून भीमेत आणावे लागेल. दोन, पाणी शेकडो फूट उचलायचे म्हणजे विजेचा खर्च दरवर्षीचा, आणि तो शेतकऱ्याच्या पाणीपट्टीतून निघण्यासारखा नाही. तीन, उजनी स्वतः दरवर्षी भरत नाही. ११७ टीएमसीच्या उजनीत ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे, आणि टंचाईच्या वर्षी सोलापूर, पंढरपूर, धाराशिव सगळ्यांचे डोळे त्याच साठ्यावर लागतात. तिन्ही आक्षेप खरे मानले तरी पिण्याच्या पाण्याची गरज नाहीशी होत नाही. म्हणून माझ्या मते या योजनेचा विचार पिण्याचे पाणी आणि संरक्षित सिंचन एवढ्यापुरता केला तर ती पेलेल, बारमाही बागायतीचे स्वप्न तिच्यावर लादले तर पेलणार नाही.

गावचे पाणी गावात

दुसरे मत डोंगरमाथ्यावरून सुरू होते. माथ्यावर चर, उतारावर बांध, खाली नालाबांध, शेवटी तलाव, असा पाणलोटाचा क्रम. ते पुढे वेगवेगळ्या रूपांत आले. शिरपूरच्या धर्तीवर नाला खोल-रुंद करून सिमेंट बंधाऱ्यांची माळ घालणे हे त्यातले गाजलेले रूप, आणि डिसेंबर २०१४ पासूनचे जलयुक्त शिवार अभियान हे सर्वांत मोठे. सरकारने गावे टंचाईमुक्त झाल्याचे सांगितले. कॅगने २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात अपेक्षित परिणाम दिसत नसल्याचे म्हटले. पुढे योजनेचा दुसरा टप्पाही सुरू झाला. ज्या गावांत माथ्यापासून काम झाले तिथल्या विहिरी टिकल्या, जिथे नुसती पोकलेनने नाला खोदाई झाली तिथे पहिल्या दोन वर्षांचे पाणी आणि मग गाळ, असे जिल्ह्यात फिरताना दिसते. हे निरीक्षण आहे, मोजणी नाही.

या मताला एक अडचण आहे आणि तिच्यावर मोकळेपणाने बोलले जात नाही. वरच्या ओढ्यांवर दहा बंधारे झाले तर खालच्या तलावात पाणी कमी येते. ५० टक्के विश्वासार्हतेच्या तलावाला हा फरक जड जातो. वरच्या गावाचे भले आणि खालच्या गावाचा तोटा यांची बेरीज कुठल्याही योजनेच्या कागदावर सापडत नाही.

बरग्यांचा महिना

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर इथे थोडे थांबावे लागेल, कारण धाराशिवच्या नद्यांवर याच्याइतके ओळखीचे बांधकाम दुसरे नाही. नदीपात्रात दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना उभ्या खाचा, खाचांतून एकावर एक सरकवायचे लोखंडी बरगे. पावसाळ्यात बरगे काढून ठेवायचे म्हणजे पूर निघून जातो, पावसाळा सरता बसवायचे म्हणजे उरलेले वाहते पाणी अडते. कोल्हापूर भागात ही रचना उत्तम चालते, कारण नदीच्या माथ्याशी राधानगरीसारखे धरण आहे. तिथून पाणी सोडले की एकामागून एक बंधारे भरत जातात. आपण बंधारा घेतला, त्याचे माथ्यावरचे धरण घेतले नाही. तेरणेवर किंवा सीनेवर पुष्कळ ठिकाणी बंधाऱ्याला मिळते ते पावसाच्या शेवटच्या वाहत्या पाण्याचे एकच भरण.

त्यातून सप्टेंबरचा पेच. इथला जोराचा पाऊस नेमका त्याच महिन्यात येतो. बरगे लवकर घातले आणि वरून लोंढा आला तर पाणी बंधाऱ्याला वळसा घालून काठचे शेत कापते. भिंत जागेवर राहते आणि शेजाऱ्याची एकरभर जमीन नदी होते. उशीर केला तर पाऊस थांबतो आणि पाणी निघून गेलेले असते. ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी असा बंधारा पाहिला. सहा-सात माणसे गाळमातीत गुडघाभर उभी. दोन बरगे गंजून वाकलेले, खाचेत बसेनात. तीन कुठे गेले कुणालाच माहीत नाही. त्यांच्या जागी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून रचली, फटींत चिंध्या आणि चिखल भरला. रबराची पट्टी नावापुरतीच होती. संध्याकाळपर्यंत मागे पाणी चढले, सकाळी ते पोत्यांखालून निम्मे गेले होते. त्या माणसांच्या मेहनतीत काही कमी नव्हते. कमी होते ते पाच बरगे आणि रबर.

या अनुभवातून उच्च पातळी बंधाऱ्यांची कल्पना पुढे आली. मांजरा आणि तेरणेवर जुन्या बंधाऱ्यांच्या जागी यंत्राने उचलणारे मोठे पोलादी दरवाजे आले. साठा वाढला, सप्टेंबरचे पाणीही धरून ठेवता येऊ लागले. पण दरवाजाला वीज लागते, जनरेटर लागतो, रात्री दोन वाजता तो उचलणारा माणूस लागतो. सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरा धरणाचे दरवाजे उघडल्यावर खालच्या काठांनी पूर भोगला. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्यात पुराने माणसे अडकली. दुष्काळी म्हणून ओळखलेल्या जिल्ह्यात आता पूर हाताळण्याचे शास्त्रही लागणार, हे या दोन सप्टेंबरांनी पुरते स्पष्ट केले.

आहे ते पाणी वाटा

तिसरे मत धरणही मागत नाही आणि बंधाराही. जे साठलेले आहे ते मोजून द्या, एवढेच त्याचे म्हणणे. विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधल्या नायगावला सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नव्हे तर घरातल्या माणसांवर वाटायचे आणि ऊस लावायचा नाही, हे तिचे नियम होते. खानदेशातल्या फड पद्धतीत त्याच्याही आधीपासून पाट, पीक आणि पाळी गावकरी मिळून ठरवत आले. छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) वाल्मी या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत दीर्घकाळ अध्यापन केलेले प्रदीप पुरंदरे यांच्यासारखे अभ्यासक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की, नियमनाची दारे आणि मोजमापाची साधने नसलेल्या कालव्यावर कुठलेही व्यवस्थापन शक्य नाही. २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचनव्यवस्थापनाचा कायदा केला. त्यात पाणीवापर संस्थांना घनमापाने पाणी देण्याची तरतूद आहे. त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचाही कायदा झाला.

कायदा आहे, संस्था कागदावर आहेत, प्रत्यक्षात काय? जिल्ह्यातल्या लहान तलावांचा कालवा पाहायला जा, पुष्कळ ठिकाणी वेड्या बाभळींतून वाट काढावी लागते. कालवा सुटण्याआधीच तलावाच्या काठावर मोटारी बसलेल्या असतात आणि पाणी नळ्यांतून वर जाते. त्यातून काही बिगर-लाभधारकांच्या जमिनी भिजतात हे खरे, वाटेतली गळती टळते हेही खरे. ज्यांच्या जमिनीतून कालवा गेला आणि ज्यांना पाणी मिळायचे होते, ते मात्र कोरडे राहतात. सात नंबरचा फॉर्म भरायचा, पाटकऱ्याने पाळी लावायची, शेवटच्या शेतापासून भिजवत वर यायचे, हा शेजपाळीचा जुना नियम माहीत असलेली पिढीही आता थकली. त्यात पिण्याच्या पाण्याचे आरक्षण आधी निघते, ते योग्यच आहे. पण ते काढल्यावर शेतीला काय उरले हे हंगामाच्या सुरुवातीला जाहीर झाले नाही तर शेतकऱ्याने पेरायचे काय?

उसाचे काय

पिकाचा प्रश्न तिन्ही मतांना छेद देतो. वरच्या हिशेबाप्रमाणे एका हेक्टर उसाच्या पाण्यात सात-आठ हेक्टर ज्वारी भिजते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा हा हिशेब देशभर मांडला गेला. ऊसवाल्याचे म्हणणेही ऐकले पाहिजे. सोयाबीनचा भाव दिवाळीला कोसळतो, कांद्याचा कधी कोसळेल सांगता येत नाही, उसाचा दर मात्र कायद्याने ठरतो आणि उसाचे वाढे जनावरांना चारा होते. तो पाण्याची उधळपट्टी करायला निघालेला नाही, त्याला हमी हवी आहे. ऊस कमी व्हायचा तर दुसऱ्या पिकाला तेवढीच हमी द्यावी लागेल. ठिबकाने पाणी वाचते, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लागला तर नदीला काही परत मिळत नाही. याचे उत्तर बांधकामशास्त्रात नाही, बाजारव्यवस्थेत आहे.

अजून सुटले नाही ते

पहिली गोष्ट आकड्यांची. २०१२ मध्ये राज्याचे सिंचनक्षेत्र दशकभरात जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याच्या नोंदीवरून गदारोळ झाला, श्वेतपत्रिका निघाली, पुढे चितळे यांच्याच अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. लाभक्षेत्रातल्या विहिरींवर भिजलेले क्षेत्र सिंचनात धरायचे की नाही, यावर तेव्हा वाद झाला आणि तो मिटलेला नाही.

दुसरी गोष्ट बंद नळीने वितरणाची. उघड्या कालव्याऐवजी जमिनीखालून नळी नेली की भूसंपादन टळते, गळती थांबते, चोरीला आळा बसतो. नव्या प्रकल्पांत राज्याचा कल तिकडेच आहे. पण जुन्या कालव्याच्या ‘गळती’वर शेकडो विहिरी जगत होत्या. नळी आल्यावर त्यांचे काय होईल याचा हिशेब प्रकल्पाच्या अहवालात घातलाच पाहिजे.

तिसरी गाळाची. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि शेतकऱ्यांनी ती आपली मानली. गाळ काढताना तळाचा चिकट थर खरवडला गेला तर तलावच पाझरू लागतो, ही धोक्याची सूचना जेसीबीच्या चालकापर्यंत पोहोचलेली नाही.

चौथी, भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर हादरला आणि हजारो माणसे गेली. माकणीचे निम्न तेरणा धरण जवळच. जलाशयाच्या भारामुळे किंवा झिरपलेल्या पाण्यामुळे भूकंप झाला का, यावर शास्त्रज्ञांत दोन मते पडली. पुष्कळांनी तो ताण जमिनीत खोलवर आधीपासूनच असल्याचे मांडले, काहींनी जलाशयाचा हात नाकारता येत नाही असे म्हटले. एकमत आजही नाही, म्हणून त्या भागातल्या प्रत्येक नव्या साठ्याबरोबर भूकंपमापनाची व्यवस्था असावी, एवढे तरी मागता येते.

पाचवी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि ती सगळ्यांत स्वस्त आहे : दारे, बरगे आणि मोजपट्ट्या. बाहेरून पाणी आले काय किंवा गावातच अडवले काय, शेवटी ते एका दारातून सुटणार आणि एका चारीत जाणार. ते दार बंद होत नसेल आणि किती पाणी गेले हे लिहून ठेवलेले नसेल, तर तिन्ही मते आपापल्या जागी बरोबर असूनही शेवटचे शेत कोरडेच राहील. सव्वादोनशे प्रकल्पांच्या जिल्ह्यात नवीन भिंतीआधी जुन्या दारांच्या दुरुस्तीला पैसा मिळाला पाहिजे.

दरवर्षी १५ ऑक्टोबरचा साठा धरून वर्षभराच्या पाण्याचे नियोजन ठरते. त्याआधी एकदा आपल्या गावच्या तलावावर जाऊन या. भिंतीशी पाण्याच्या उंचीचा खांब आहे का, त्यावरचे आकडे वाचता येतात का, सांडव्याचे तोंड मोकळे आहे का, आणि दाराचे चाक फिरते का, एवढे पाहा. आकडा वहीत लिहा, तारीख टाका आणि ग्रामसभेत वाचून दाखवा.